मलिद्याला दहावा

आई : ओरडू नकोस, दानू. हात मलिद्याच्या पोह्यात आहेत माझे.

दानियल : कुणाला बोलावलंस ते पुन्हा सांग.

आई : अरे, सकाळी फोन आला. कर्नल झोहारसाहेबांचा सेक्रेटरी. साहेब डेट्रॉइटला आलेत, पक्षाची सभा आहे. तुझी चौकशी केली. मी म्हटलं, आज घरी मलिदा आहे, दानू लष्करातून सुखरूप यावा म्हणून नबीला बोललेला सतरा वर्षांचा नवस. दरवेळी तूच टाळलास. आणि तुला धरून अख्ख्या नोव्हाय गावातून पुरुष जमले नऊ! दहा झाल्याशिवाय प्रार्थना कशी होणार?

दानियल : म्हणून दहावा तो?

आई : तुझा साहेब होता ना? त्याच्या पलटणीतून तू जिवंत आलास. ज्यू आहे, पुरुष आहे. आणखी काय लागतं दहाव्याला?

दानियल : सभांमधून काय बोलतो माहितेय? अरबांना नदीपार हाकला म्हणतो. तिकडे निम्मा देश त्याला वाघ म्हणतो, निम्मा टीव्ही बंद करतो.

आई : तुझी बहीण बंद करते, जावई आवाज वाढवतो. तिकडे त्यांच्याकडे होते तेव्हा मी मधे बसून भाजी निवडायचे.

दानियल : आणखी काय विचारलं सेक्रेटरीनं?

आई : गोड बोलत होता रे. म्हणाला, सोमवारी दानियल वकिलाकडे जाणार ना?

दानियल : हे त्याला कुणी सांगितलं?

आई : मला काय ठाऊक! मग तुझ्या भाचीची, नोआची चौकशी. यंदाच तिकडच्या लष्करात गेली पोर, कुठल्या तळावर आहे ते तिच्या आईलाही धड सांगता येत नाही. त्याला ठाऊक होतं. म्हणाला, साहेबांचं लक्ष आहे तिच्यावर.

दानियल : आई, ती चौकशी नव्हती.

आई : मग काय होती? दानू, नीट सांग. बस आधी. पाणी घे.

दानियल : अठ्ठ्याऐंशी साली, गाझात. एक घर पाडायचं होतं. वायरलेस माझ्याकडे होता. मी दोनदा कळवलं, आत म्हातारा आहे, त्याला चालता येत नाही. झोहार म्हणाला, "घर रिकामं आहे. पाडा."

आई : आणि?

दानियल : पाडलं. चौकशीत तो म्हणाला, मला कुणी कळवलंच नाही. मग मला विचारलं. मी म्हटलं, नाही कळवलं.

आई : तू खोटं बोललास?

दानियल : वीस वर्षांचा होतो. तो समोर बसला होता. पुढे त्यानं वर्दी उतरवली, निवडून आला. म्हाताऱ्याची नात आता शिकागोत असते. तिनं इथल्या कोर्टात केस टाकलीय. सोमवारी तिच्या वकिलापुढे मी खरं सांगणार होतो.

आई : होतो?

दानियल : नोआ आहे तिकडे.

(बाहेर गाडीचं दार वाजतं. आई पोह्यांवर ताट झाकते.)

आई : तू लष्करात होतास तेव्हा कणीक मळताना मी एक ओवी म्हणायचे.

दानियल : पाठ आहे मला. आई, तो आलाय.

आई : येऊ दे. म्हण.

दानियल : "नबी तुझ्या रथाखाली, पदर मी अंथरिला... जसा नेला लेक माझा, तसा आण."

आई : तसा आण. तसा नाही आलास तू. मला वाटायचं, इकडच्या बर्फानं गप्प झालाय पोरगा.

दानियल : बेल वाजतेय.

आई : तू बस. मी उघडते. सांगते, आज मलिदा नाही.

दानियल : त्याला नाही म्हणशील? आणि नोआ?

आई : तिच्या आईला आत्ता फोन लावते. घाबरायचंच आहे तर सगळे मिळून घाबरू. सतरा वर्षं एकट्यानं घाबरलास.

दानियल : बाकीचे येतील. पोहे भिजलेत, नारळ खवलाय...

आई : खाऊन जातील. नवस फेडू तू तसा घरी आल्यावर. सोमवारी मी तुझ्याबरोबर गाडीत बसतेय. किती वाजता निघायचं?