हर्षालीच्या दाताची चांदी

(शहाद्यातला दातांचा दवाखाना. चार वर्षांची हर्षाली आईच्या मांडीवर, तोंड घट्ट मिटून.)

दगूबाई : डॉक्टरीणबाई, आधी मन्ही सूनले बोला. तीन दिन व्हयनात, हाई ममता पोरनं तोंड उघडाडीसन दात घासी ऱ्हायनी. तेबी चिंच लाईसन. चिंच तांबाले लागस, चांदीले रिठा. इतलंबी माहेरथीन शिकीसन नही उनी.

डॉ. जिनल : थांबा आजी. दाताला चिंच लावली?

ममता : हो मॅडम. तुम्हीच म्हणाल्या ना, औषधात चांदी आहे. जोडवी काळी पडली की आम्ही घासतोच. वाटलं, दाताचं काळंही तसंच निघेल.

डॉ. जिनल : ते निघत नाही, ताई. काळं पडेल हे मी औषध लावण्याआधीच सांगितलं होतं. किडलेला भाग काळा आणि टणक झाला, म्हणजे कीड तिथेच थांबली. चिंचेनं फक्त हिरडी सोलली. बघा, किती लाल झालीय.

दगूबाई : आन रिठा?

डॉ. जिनल : रिठासुद्धा नाही, आजी.

दगूबाई : बरं. मंग ते ऱ्हायनं.

ममता : मॅडम, तुम्ही दात काढूनच टाका. दुधाचा तर आहे, पडणारच.

डॉ. जिनल : पडायला अजून दोन-तीन वर्षं आहेत. औषध लागू पडलेला दात मी उगाच काढणार नाही. सहा महिन्यांनी पुन्हा लावू, एवढंच.

दगूबाई : दात काढाना? कसाले वं? मागला महिनामा गार पानी दातले लागनं का रडे पोर. काल अख्खा पेरू चावीसन खाधा तिनी.

ममता : रविवारी भाग्येशचा साखरपुडा आहे, आत्याबाई.

दगूबाई : मन्हा नातूना साखरपुडा. तठे ह्या दातनं काय काम?

ममता : भाग्येशच्या आईचा, शीलाताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, व्हिडिओवाला येणार, मुलीकडचे सगळे येणार. हर्षालीला मागं बसव, हसू देऊ नको. एवढीशी पोर मिसरी लावते का, असं विचारतील लोक. आईनं लक्ष दिलं नाही म्हणतील.

दगूबाई : कोन बोलनी? मन्ही लेक शीला?

ममता : हो. तुम्हाला सांगू नको म्हणाल्या.

दगूबाई : सोता दोन टाइम मिसरी लावस ती. डॉक्टरीणबाई, खरं सांगा. हाऊ दात आते दुखाव नही ना?

डॉ. जिनल : कीड थांबलीय, आजी. मऊ ब्रश, वाटाण्याएवढी पेस्ट, दिवसातून दोनदा. झोपताना गोड दूध बंद. आणि ही चिंचही बंद.

ममता : पण आत्याबाई, शीलाताई रागावतील.

दगूबाई : ऐक ममता. चिंच लाई, ती चूक तुन्ही. दात तठेच ऱ्हाई. शीलाले मी मन्हा तोंडे सांगसू. रविवारले पोर पुढली रांगमा मन्हा मांडीवर बसी, आन तिले जितलं हसनं व्हई तितलं हसू दे.