नदीकाठचे दगड

विश्रामगृहाचं नवं कुंपण बांधणारा गवंडी वनखात्याच्या कचेरीत बाकावर ताटकळत बसला होता. तेवढ्यात शेजारच्या टेबलाशी वनरक्षक बाई कारकुनावर कडाडल्या.

"नदीकाठचे दगड कुणाला विचारून उचलले?"

"कुंपणाला हवे होते. दगडच ते, बाई!"

"माकडं त्यांनीच टणक फळं फोडतात. हातात मावेल असा एकेक दगड पारखून ठेवतात."

"मग दुसरे शोधतील. जंगलात दगडांना काय तोटा?"

"काठावर नुसती वाळू उरलीय! काल एक म्हातारी माकडीण दातांनीच फळ फोडायला गेली. दात तुटला, तोंड रक्तबंबाळ झालं."

"अर्ज द्या. साहेब सोमवारी बघतील."

"तोवर माकडांनी काय तुमचा अर्ज खायचा? पहार आणलीय मी. कुंपण मीच फोडते!"

गवंडी उठला.

"पहार राहू द्या, बाई. सिमेंट अजून कच्चं आहे. हातानं निघतील."