विदरमूरच्या मठाचा लोखंडी गज

बसा मंडळी, बसा! पुढं सरका थोडं, मागच्या आयाबायांना ऊन लागतंय. मृदंगबुवा, हात जरा आवरता घ्या, आता मला बोलायचंय. आणि सगळ्यांनी एकदा मोकळ्या गळ्यानं देवाचं नाव घ्या — हां! असं! जत्रेत जिलबीसाठी जेवढा आवाज काढता, तेवढा तरी इथं निघालाच पाहिजे!

तर मंडळी, आज एक प्रश्न विचारतो. सोपा आहे. ज्याला आपण हात जोडतो, त्याला तपासायचं का? जे पूज्य आहे, जे वाडवडलांपासून चालत आलंय, त्याच्याकडं डोळे उघडे ठेवून बघायचं — हा भक्तीचा अपमान, की हीच भक्ती? बोला! कडलग तात्या, तुम्ही मान हलवताय, पण हो म्हणून की नाही म्हणून ते कळेना! राहू द्या. उत्तर मी देत नाही. उत्तर देईल एक विणकरीण, आणि तीही इंग्लंडातली!

लगेच भुवया उडाल्या! बुवा आज विलायतेला कुठं निघाले? अहो, सात-आठशे वर्षांमागची कथा आहे. तेव्हा ते आपल्यावर राज्य करत नव्हते हो, ते बिचारे चिखलात रुतले होते! खरंच सांगतो. मैलोन्‌मैल दलदल, पाणी, लव्हाळं आणि डास. अशा त्या दलदलीत काळ्या झग्यातले बारा साधू आले आणि एका उंचवट्यावर त्यांनी झोपडी बांधली. त्या जागेचं नाव विदरमूर.

आता साधू म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं माळ ओढत बसलेला माणूस येतो. हे तसले नव्हते! पहाटे प्रार्थना, आणि ऊन वर आलं की हातात फावडं! त्यांनी चर खणले, पाणी वाहतं केलं, दलदलीतनं दगडी रस्ता काढला. मेंढ्या पाळल्या. तीन पिढ्या खपल्या, तेव्हा कुठं उंच मनोऱ्याचं दगडी देऊळ उभं राहिलं. आणि मग त्यांच्या राजानं सनद दिली, की मठाच्या संताच्या पुण्यतिथीला इथं आठ दिवस जत्रा भरवा!

काय जत्रा हो ती! समुद्रापलीकडनं नावा यायच्या. मेण, मीठ, कातडी, दारूचे बुधले — होय, दारू! हसू नका, तिकडच्या साधूंना चालते! आणि मिरी. मूठभर मिरीसाठी तिथले सरदार जीव टाकायचे. ती मिरी कुठली? आपल्या मलबार किनाऱ्याची! म्हणजे बघा, आपला माल त्या जत्रेत आधी पोचला, मी आज पोचतोय!

पण मालापेक्षा मोठी होती त्या जत्रेची इभ्रत. तिथं न्यायसभा बसायची. तिचं नाव ऐका — धुळीच्या पायांची सभा! का? तर लांबून आलेला व्यापारी, त्याच्या पायांवर वाटेची धूळ. त्याचं भांडण झालं तर त्याला 'पुढच्या महिन्यात या' म्हणायचं नाही. पायांची धूळ झटकायच्या आत निवाडा! आपण दारात आलेल्याला पाय धुवायला पाणी देतो ना? ते म्हणायचे, आधी न्याय घ्या, मग पाणी. मला तर ही रीत फार आवडली. आपल्याकडं तारखेला जाऊन जाऊन चपला झिजतात!

आणि त्या न्यायाचं दैवत काय? एक लोखंडी गज! कापड मोजायचा. जत्रेची सनद आली तेव्हा घडवलेला. प्रत्येक कापडवाल्यानं आपला गज त्या गजाला लावून दाखवायचा. जुळला तर दुकान मांडा. नाही जुळला — तर गज वेशीत मोडायचा, माल जप्त, आणि जन्मभर त्या जत्रेत पाय ठेवायचा नाही!

त्या गजाचं कौतुक तरी किती! जत्रेआधी त्याला ओल्या वाळूनं घासायचा, अगदी चांदीसारखा. आपण देव घासतो ना चिंच आणि राख लावून? तसा! मग वाजतगाजत संताच्या मूर्तीपुढं न्यायचा आणि देवळाच्या पायरीवर उभा आपटायचा — ठण! ठण! ठण! तीन ठोके पडले की जत्रा सुरू. दीडशे वर्षांत एकदाही चुकलं नाही.

हा मान होता ऑस्बर्टबाबांचा. सत्तरीचे साधू. चाळीस वर्षं त्यांनी गज घासला. आणि मठाचे महंत कोण? गर्व्हास. पन्नाशीचे. ऑस्बर्टबाबांनीच त्यांना लहानपणी अक्षरं शिकवलेली. म्हणजे महंत झाले तरी बाबांपुढं आवाज खालीच.

तर त्या साली जत्रेच्या पहिल्याच दिवशी एक बाई आली. नाव आल्डिथ. आपण आल्डाबाई म्हणू, नाहीतर माझी जीभ वळायची नाही. विधवा. नवऱ्यामागं मागावर स्वतः बसलेली. वर्षभर विणलेलं निळं कापड गाढवावर लादून सहा दिवस चालत आलेली. हे कापड विकलं तर लोकर घेता येणार, आणि लोकर घेतली तर माग चालणार. पहिल्यांदाच आली होती. तिच्याकडं नवऱ्याच्या घरातला लाकडी गज.

ऑस्बर्टबाबांनी तो लोखंडी गजाला लावला. जुळेना! बाईचा गज अर्ध्या बोटानं लांब!

"खोटा गज!" बाबा ओरडले. "जप्त करा!"

बाई घाबरली असेल, असं वाटतं ना? छे! पदर खोचून — म्हणजे त्यांचं जे काय असतं ते खोचून — उभी राहिली. म्हणाली, "बाबा, माझा गज लांब आहे. म्हणजे गिऱ्हाइकाला मी जास्त कापड देते. जास्त देणारा चोर तुम्ही कधी पाहिलाय?"

मंडळी, अख्खी जत्रा हसली! पण बाबांचा चेहरा लाल. "नियम नियम आहे! गज जुळत नाही!"

"मग तुमचा आखूड असेल."

झालं! हसू थांबलं. मठाचा गज आखूड? दीडशे वर्षांचा? संतापुढं ठेवलेला? कुणी म्हणालं, बाईला वेड लागलंय. कुणी म्हणालं, हाकला. बाई हलेना. "माझ्या पायांवर धूळ आहे," म्हणाली. "मला सभा पाहिजे!"

सभा बसली. खुर्चीवर महंत गर्व्हास, दोन्ही बाजूंना बारा व्यापारी. महंतांनी विचारलं, "बाई, हा गज कुठला?"

"महाराज, आमच्या नवऱ्याचे खापरपणजे तुमच्या पहिल्या जत्रेत आले होते. तुमचा गज तेव्हा नवा होता. त्यावरून त्यांनी लाकूड कापून नेलं. ते मूळ लाकूड आमच्या पेटीत गुंडाळून असतं, त्यानं कुणी मोजत नाही. वापरातला गज झिजला की त्यावरून नवा कापतो. हा मी याच वसंतात कापला."

ऐकलंत? ती म्हणाली, वापरातला गज झिजतो. तिला माहीत होतं! आणि मठातल्या एवढ्या शिकलेल्या साधूंना माहीत नव्हतं. कारण तिच्या घरी गज कामाचा होता, आणि यांच्याकडं तो देव झाला होता!

ऑस्बर्टबाबा महंतांच्या कानाशी गेले. "गर्व्हासा, तिचा माल सोडून दे, वर काहीतरी दे, आणि वाटेला लाव. हे इथं, या लोकांपुढं उकरू नको. नावा परत फिरतील. बारा जणांनी चिखलातनं उभं केलेलं आपण एका बाईसाठी बुडवायचं?"

खोटं नव्हतं हो ते! म्हातारा काही लबाड नव्हता. मठावर त्याचा जीव होता. आणि महंतांचं नव्हतं का प्रेम? त्या मठानं त्यांना लहानाचं मोठं केलं. सांगा मला, तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा! ढेरंगे बापू, तुम्ही तर पंच आहात. तुम्हीच सांगा!

 महंतांचं लक्ष देवळाच्या पायरीकडं गेलं. जिथं दरसाल तीन ठोके पडायचे, तिथं दगडाला वाटीएवढा खळगा पडला होता. रोज दिसणारा! महंत मनाशी म्हणाले, दगड एवढा झिजला, मग लोखंडाचं काहीच झालं नसेल?

"बाबा," ते म्हणाले, "गज ठेवता कुठं?"

"भिंतीतल्या कोनाड्यात. गज घडला तेव्हाच त्याच्या मापानं दगडात कोरलाय."

"चला. सगळे चला!"

सगळी जत्रा देवळात. बाबांनी गज कोनाड्यात ठेवला. ठेवताना सवयीनं एका टोकाला लोकरीचा बोळा कोंबला.

"हे काय?" महंत.

"लोकर. नाहीतर खडखडतो."

"कधीपासून खडखडतो?"

"माझ्या गुरूंच्या वेळेपासून. त्यांनीच शिकवलं. तेव्हा बोळा लहान होता, आता जरा..."

आणि म्हातारा तिथंच थांबला, मंडळी. त्याला कळलं! चाळीस वर्षं तो दरसाल बोळा मोठा करत होता, आणि का, हे त्यानं एकदाही स्वतःला विचारलं नव्हतं. दीडशे वर्षांच्या वाळूनं आणि ठोक्यांनी गज झिजवला होता. भक्तीनंच झिजवला होता हो! वाईट हेतूनं एक कणही गेला नव्हता. आणि बाकीचे व्यापारी दरसाल याच गजावरून आपला गज कापून घ्यायचे, म्हणून कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

महंतांनी बोळा काढला, गज बाहेर घेतला. मग बाईचा लाकडी गज कोनाड्यात ठेवला. दोन्ही टोकं दगडाला टेकली. तसूभर जागा नाही! हलवला, तर हलेना!

 आता महंतांनी काय करावं? ते बाहेर आले. खुर्चीवर बसले नाहीत. पायातल्या वहाणा काढल्या आणि धुळीत, बाई उभी होती तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. व्यापाऱ्यांना म्हणाले, "आता खुर्ची तुमची. आरोपी मी. या मठानं आखूड गजानं माप घेतलं आणि खऱ्या गजाला खोटं ठरवलं. जो नियम इतरांना, तोच आम्हाला. निवाडा द्या. माझेही पाय आता धुळीचे आहेत!"

अहाहा! मंडळी, मला सांगताना काटा येतो! साधू असावा तर असा! मठ असावा तर असा!

 बारा व्यापाऱ्यांतला एक जण म्हणाला, "खोटा गज वेशीत मोडायचा असतो, महाराज."

लोहाराला बोलावलं. त्यानं ऐरण मांडली, पण घण उचलेना. मठाचा गज कोण मोडणार? तेव्हा ऑस्बर्टबाबा पुढं झाले. "मी घासला, मीच मोडीन." डोळ्यांतनं धारा, आणि सत्तरीच्या हातात घण. तीन ठोके घातले त्यांनी — ठण! ठण! ठण! आणि गजाचे दोन तुकडे झाले.

महंतांनी बाईला हात जोडले. "बाई, मागा काय मागायचं ते."

ती म्हणाली, "मला माझं कापड विकू द्या. आणि नवा गज घडवाल, त्यालाही घासा, वाजतगाजत न्या, ठोके द्या — मी कशाला अडवू? पण दरसाल एकदा कोनाड्यात ठेवून बघा. लोकरीशिवाय."

एवढंच. आणि नावा परत फिरल्या का? एक नाही! पुढच्या साली काठावर नांगर टाकायला जागा पुरेना. जत्रेच्या पहिल्या दिवशी मठाचा द्वारपाल वेशीवर उभा राहून ओरडायचा. काय ओरडायचा? आमचा मनोरा उंच, आमची सनद राजाची — हे काही नाही! तो छाती काढून ओरडायचा, "या, मंडळी, या! या मठानं स्वतःचा गज मोडलाय!" हा खरा अभिमान! चूक झाली नाही याचा नव्हे. चूक सापडली आणि आम्हीच घण उचलला, याचा!

आता माझ्याकडं बघा. विलायत संपली, आपल्या गावात या. तुमच्या घरात नाही लोखंडी गज? आहे! "आमच्या घरात असंच असतं!" — हा तो गज! आणि खडखडला की आपण लोकर कोंबतो. "लोक काय म्हणतील?" — एक बोळा. "आमच्या सासूबाईंनीही असंच केलं." — दुसरा बोळा!

आणि आयाबायांनो, बापूंनो, दुसऱ्या घरचा गज घेऊन, पायांवर धूळ घेऊन तुमच्या दारात कोण येतं हो? सून येते! ती माहेराहून माप घेऊन येते. आणि पहिल्याच दिवशी आपण काय म्हणतो? "तुझं जुळत नाही!" मोडलाच तिचा गज, चुलीपुढं! तो लांब आहे की आपला आखूड, हे कोनाड्यात ठेवून बघितलं कुणी?

हसू थांबलं का? थांबू द्या. माझंही थांबलं होतं. अकरा वर्षं मी गावोगाव कीर्तनं केली, आणि माझ्या सूनबाईनं एकदा विचारलं, "मामंजी, तुम्ही सगळ्यांना सांगता, मग पहिल्या पंगतीला बायका का नाहीत?" मी तिच्यावर ओरडलो, मंडळी. हाच मी. मग रात्रभर माझाच गज खडखडत होता. दुसऱ्या दिवशी तिला पहिल्या पंगतीला बसवलं आणि मी वाढलं. तेही सगळ्यांपुढं, ताठ मानेनं!

आज इथून घरी जाल. जत्रेतनं बांगड्या न्याल, खेळणी न्याल, न्या. पण दार उघडणारीला आज एवढंच म्हणा, "पोरी, तुझा गज आण. आपण दोन्ही लावून बघू." आणि मग आपला आखूड निघाला तर घण उचलायला तुमच्यातला म्हातारा पुढं होऊ द्या.

उठू नका अजून! आधी नाव घ्या देवाचं. आणि आज पहिला आवाज सुनांचा येऊ द्या. सासवांनो, तुम्ही मागनं साथ धरा. मृदंगबुवा — द्या ठोका!