शुक्रवारी मरायचं ठरलं होतं

बाळांनो, आपल्या श्रीवर्धनच्या वाडीत सुपारी सोलायला येणाऱ्या जनाबाईंचा मुलगा रघुनाथ तुम्ही टीव्हीवर पाहता, तेच ते मालिकेतले आबासाहेब. परवा तो घरी आला होता. मला तो काकू म्हणतो; तो बोलत गेला तसं मी लिहून काढलं आहे.

मी म्हसळ्याच्या आतल्या गावचा, काकू, तुम्हाला काय सांगायचं, भातकापणी संपली की आई तुमच्या वाडीत यायची आणि मी तिच्या मागे. हनुमान जयंतीला आमच्या गावात नाटक व्हायचं, मुंबईला कामाला असलेले बापये तिकडूनच पाठ करून यायचे, बायकांची कामं करायला मात्र कोणी मिळायचं नाही, म्हणून मला उभं करायचे. आईचंच लुगडं नेसायचो आणि आई पुढे बसून ओरडायची, अरं निऱ्या सोड खाली, पाय दिसतात. सगळा गाव हसायचा. मला ते हसणं आवडायचं. तिथून जे लागलं ते लागलं.

मग मामाकडे मुंबईला गेलो, एका कचेरीत शिपाई झालो, संध्याकाळी तालमी. पहिल्याच तालमीला दिग्दर्शक म्हणाले, आवाज चांगला आहे तुझा, पण ते हाय न्हाय बंद कर, लोक हसतील. मी बंद केलं. आरशासमोर उभा राहून, जीभ धरून बंद केलं. मग नोकर झालो, हवालदार झालो, नायिकेचा बाप झालो, मालिका आल्या तसा मालिकांतही बापच झालो, आणि गावी आलो तरी तोंडातून आहे आणि नाहीच निघायला लागलं. आई म्हणायची, बामनासारखा काय बोलतंस रं, घसा दुखत न्हाय तुझा? रागावू नका हां काकू, ती तशीच बोलते.

तर हे आबासाहेब. त्यांना जिन्यावरून ढकललं ते तुमच्या नातवंडांनी पाहिलंच असेल, तेव्हापासून मी कोमात. लोकांना वाटतं काय मजा आहे, झोपून पगार घेतो. अहो, पापणी हलता कामा नये, नाकावर माशी बसली तर बसू द्यायची, आणि घरातली सगळी भांडणं माझ्याच खाटेभोवती, म्हणजे रोज हजर राहायचंच. एकदा खरंच डोळा लागला आणि घोरलो, तर मुलीचं काम करणारी पोरगी रडता रडता फिसकन हसली, सगळ्यांना परत रडावं लागलं.

आणि तेव्हाच माझ्याकडे एक नाटक आलं. दिघीच्या खाडीवर होडी वल्हवणारा म्हातारा, त्याला मुलगा मुंबईला न्यायला आलाय आणि तो जात नाही, एवढंच नाटक, पण अख्खं आमच्या भाषेत. लेखक म्हणाले, रघुनाथराव, दुसऱ्या कोणाचा चेहराच डोळ्यांपुढे येत नाही. वाचायला बसलो, पहिल्याच पानावर न्हाय हा शब्द आला, तो इतक्या वर्षांनी मोठ्याने म्हटला आणि पुढचं वाचता येईना, उठून पाणी प्यालो. काकू, आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडाने बोललो, एकदा आपल्या तोंडाने बोलायचं होतं, दुसरं काही नको होतं.

पण मालिकावाले तारखा सोडेनात, करार झालेला. शेवटी निर्मात्यांपुढे हात जोडले, म्हटलं मला मारा. ते हसले. म्हटलं, हसू नका साहेब, खरंच मारा, आबासाहेब नाहीतरी पडूनच आहेत. फार विनवलं तेव्हा कबूल झाले, शुक्रवारी मारू म्हणाले. सोमवारपासून तालीम. मी आईला फोन केला, आई, शुक्रवारी मरतोय. ती म्हणाली, शुक्रवारी माझा उपास अस्तोय, शनवारी मर.

शुक्रवार आला. त्या पोरीला माझा हात धरून रडायचं होतं. तिचे खरे वडील थोड्याच दिवसांपूर्वी गेले होते, ते मला माहीत नव्हतं. ती लिहिलेलं सगळं सोडून बोलायला लागली, बाबा, तुम्हाला ऐकू येतंय ना, एकदा हो म्हणा. आणि माझ्या मिटल्या डोळ्यातून पाणी आलं. काय सांगू तुम्हाला, मी आणलं नाही ते. नाटकातल्या माणसाचं असंच असतं, समोरच्याने खरं दिलं की अंग आपोआप उत्तर देतं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मी पेढे वाटले, सगळ्यांचा निरोप घेतला.

संध्याकाळी फोन. चॅनेलने पाहिलं, खूष झाले, म्हणजे आबासाहेबांना ऐकू येतं! आता मारायचं नाही. म्हटलं, सीन परत घ्या, मी कोरडा मरतो. ते म्हणाले, असा माणूस हातचा कोण घालवेल. माझं मरण माझ्याच कामाने घालवलं, काकू.

नाटकाचे निर्माते थोडे थांबले, पण थिएटरच्या तारखा घेतलेल्या, ते तरी किती थांबणार. निनाद नावाच्या नागपूरच्या मुलाला घेतलं. त्याचा फोन आला, सर, मला तुमची भाषा येत नाही, शिकवाल का? काय करणार, शिकवली. त्याच खाटेवर पडून, दोन शॉटच्या मध्ये फोन कानाला लावून शिकवली, व्हय कुठे ओढायचं, आणि म्हातारा न्हाय म्हणतो तेव्हा मुलाकडे बघत नाही, पाण्याकडे बघतो.

मागच्या महिन्यात प्रयोग अलिबागला होता. सुट्टी काढली, आईला घेऊन गेलो. तुमच्याशी खोटं कशाला बोलू, तो पडावा असं वाटत होतं मला. तो पडला नाही. पाण्याकडे बघून म्हणाला, मी न्हाय येत. आईने पदर डोळ्याला लावला, मला कोपराने ढोसलं, म्हणाली, कुठला रं ह्यो? आपल्याच गावाकडचा दिसतो. तू बी असं काम कर ना येखादं.

पडदा पडला, आईचा हात धरून उठलो. आत गेलो तर निनाद पाया पडला, आईच्याही पडला, तिने त्याच्या गालांवरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी म्हटलं, खूप प्रयोग होऊ देत तुझे. मनापासून म्हटलं, काकू, त्याची काय चूक?

उद्या परत कामावर. आबासाहेबांचं बोट हलणार आहे म्हणतात. डावं की उजवं, ते अजून ठरत नाही.