कॅलेंडरमागची काच

...आणि वर मलाच विचारतात, आजोबा, भूकंप कसा होता! अहो, सात सेकंदांचा होता, कसा असणार? पण तुम्हाला सांगतो, तेव्हापासून गल्लीत त्या शब्दाचा नुसता सुकाळ झालाय. शेजारणीची बरणी फुटली, भूकंप. शिंप्याने माझ्या सदऱ्याची एक बाही तोकडी शिवली, तर म्हणे कात्री हलली हो, भूकंप! मी चार इयत्ता शिकलेला माणूस, पण एवढं कळतं... जमीन हलली तरच भूकंप म्हणायचं.

चाळीस वर्षं गवंडीकाम केलं. माझी भिंत ओळंब्याला केसभर चुकली नाही, असं मीच सांगत फिरायचो. फक्त मुलाच्या खोलीतला तो कोपरा... ती खोली जुन्या भिंतीला मी जोडली, त्याच्या लग्नाआधी, घाईत. जोडताना जुन्या भिंतीत दात काढायचे असतात, म्हणजे एक वीट आत, एक बाहेर, नवं बांधकाम त्यात गुंततं. मी नाही काढले. नुसतं चिकटवलं, वरून गिलावा, झालं चकाचक. वर्षभरापूर्वी तडा दिसला, तेव्हा त्याच्यावर काचेची पट्टी आडवी बसवली, शेजारी पेन्सिलीने तारीख घातली, वरून कॅलेंडर टांगलं. भिंत सरकते का, ते बघायची आमची ही रीत. सरकली की काच तुटते. तुटली. भूकंपाच्या दोन महिने आधी! मी खाली दुसरी लावली, तारीख घातली आणि गप्प बसलो.

मग भूकंप झाला आणि आले नुकसान तपासणीचे साहेब. कॅलेंडरच्या वर तडा दिसला, लगेच कागदावर लिहिलं, कारण भूकंप. मुलगा खूश. म्हणाला, सिमेंट भरून टाकू, संपला विषय. सून म्हणाली, मग पाळणा तिथेच असू दे, वारा चांगला लागतो.

बघा हं. एका शब्दात माझी अब्रू झाकली जात होती. कोण विचारणार होतं? पण भूकंप येतो आणि जातो. चुकलेला जोड रोज सरकतो, आणि त्याच्याखाली नात झोपते.

मी कॅलेंडर काढलं. तुटकी काच दाखवली, खालच्या दुसऱ्या काचेची तारीख दाखवली, भूकंपाच्या दोन महिने आधीची.

"साहेब, खोडा ते. जमीन हलली तरच भूकंप म्हणायचं. हा तडा माझा आहे."

साहेबांनी कागद उलटसुलट केला. "आजोबा, तुमच्यासाठी रकाना नाही यात."

"मग आखा."

सुनेने पाळणा उचलला आणि माझ्या खोलीत नेऊन ठेवला.

भिंत उतरवली. आता दात काढून पुन्हा बांधतोय, दिवसाला चार थर, कंबर साथ देईल तेवढे. काल माझ्या हातून घमेलं सटकलं, केवढा आवाज! शेजारीण खिडकीतून ओरडली, "अगं बाई, भूकंप की काय?"

सून भाजी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "नाही हो. सासरेबुवा."

...शब्द जपून वापरायला मीच शिकवलं ना.