पंचफुलाचे बैल

हे सांगायचं मी आजपावेतो टाळत आलो. काय सांगू तुम्हाले, टाळायचीही माणसाले सवय होते, एका बाजूचा दात दुखत असला का आपण दुसऱ्या बाजूनं चावतो, तसा मी इतकी वर्षं दुसऱ्या बाजूनं चावत राह्यलो. आता तुम्ही आले, म्हणाले गुरुजी, तुमच्या त्या जुन्या सदराचं पोट्ट्यांसाठी पुस्तक काढू, रंगीत चित्रं टाकू, वर तुमचं नाव टाकू. तं मंग आधी हे लिहून घ्या. हे लिहून झालं का मंग पाहू, पुस्तकावर कोणाचं नाव टाकायचं ते.

मी मूळचा समुद्रपूर तालुक्यातला. बाप दुसऱ्याच्या वावरात सालदार होता, माय मी सहा वर्षांचा असतानाच गेली. थोरल्या भावानं, म्हणजे दादानं, जामच्या चौकात पंक्चरचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे काय, चार बल्ल्या, वर टिना, अन् एक हवा भरायचा पंप. हैदराबादकडे जाणारे ट्रक तिथं थांबत. दादाचं लग्न झालं अन् पंचफुलावहिनी घरात आली तेव्हा मी नऊ वर्षांचा. ती स्वतःच सतरा-अठराची असन. तिनं मले न्हाऊ घातलं, डोक्यातल्या उवा काढल्या, शाळेत घातलं. ती स्वतः शाळेची पायरी चढली नव्हती, एक दिवसही नाई. मी पुढं मास्तर झालो अन् तेव्हापासून ती मले मास्तरच म्हणे, गमतीनं, पण त्यात तिचा मानही असे.

तिचे हात रिकामे राहत नव्हते. फाटकं स्वेटर मिळालं का ते उसवायची, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लोकर गुंडाळायची, मधून आवळून बांधायची अन् दोन्ही कडेनं कापायची, का झाला गोंडा. लाल, हिरवे, पिवळे गोंडे दुकानाच्या बल्लीले लटकवलेले असत. पंजाबचे डायवर हवा भरायले थांबत अन् गोंडे घेऊन जात, म्हणत, भाभीजी, इससे गाडी को नजर नहीं लगती. ती हसायची, मले म्हणायची, या डायवरायले सांग, गोंड्यानं नजर लागत नाई पन हवा तं भरून घ्या. कापूस वेचून झाला का पऱ्हाटीवर बोंडाची कोरडी टरफलं राहतात ना, उघडलेली, पाकळ्यांसारखी, तिनं ती तोडून आणायची, होळीचा उरलेला रंग लावायचा, नाई तं पळसाची फुलं उकळून त्याचा नारिंगी रंग, अन् तुराटीच्या काडीले बांधून डब्यात ठेवायची. लोक विचारत, पंचफुला, हे कोणतं फूल होय वं? ती म्हणे, वावरातलंच होय, तुमी रोज चुलीत घालता थे.

मंग माझी नोकरी लागली, प्राथमिक शाळेत. वर्ध्याहून एक साप्ताहिक निघे, आता बंद पडलं, नाव नाई सांगत. त्यात पोट्ट्यांचं एक पान होतं. संपादक म्हणाले, गुरुजी, घरच्या घरी, फुकटच्या सामानात पोट्ट्यांनी करावं असं काही लिहा. सदराचं नाव ठेवलं करून तर पाहा. मी दर रविवारी एसटीनं जामले जायचो, वहिनीपाशी बसायचो, ती करून दाखवायची अन् मी वहीत लिहायचो, आकृत्या काढायचो. गोंडा, टरफलाची फुलं, जुन्या साडीच्या चिंध्यांचं तोरण, पतंगीच्या कागदाचा कंदील, काड्यापेटीची बैलगाडी. सगळं तिचं. माझी फक्त अक्षरं.

पहिला अंक घेऊन गेलतो तेव्हा तिनं चित्र पाहून ओळखलं. अरे माहा गोंडा छापला रे, म्हणाली. मंग खाली बोट ठेवून विचारलं, हे काय लिहिलं? मी म्हणलो, माझं नाव. ती म्हणाली, लिहिनाऱ्याचं नाव टाकतात का? मी म्हणलो, हो. बरोबर हाये, म्हणाली, अन् उठून भाकरी टाकायले गेली. तेव्हा एक वाक्य बोलता आलं असतं, का वहिनी, शिकवणाऱ्याचंही टाकतात. नाई बोललो. पुढंही नाई बोललो, पोट्ट्यांची पत्रं यायले लागली होती, गुरुजी तुमचे हात जादूचे आहेत म्हणून, अन् मले ते वाचायले गोड लागे.

आता बैलांचं सांगतो. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो, तुम्हाले माहीतच आहे, पण बाहेरचे लोक वाचतीन म्हणून सांगून ठेवतो. लेकरं आपापले लाकडी बैल सजवून आणतात, रांगेत उभे करतात, चांगल्या सजावटीले बक्षीस मिळते, अन् मंग घरोघरी फिरून बोजारा मागतात, कोणी नाणं देतं, कोणी बिस्कुटाचा पुडा. पण लाकडी बैल सगळ्याच घरी नसतो. ज्याच्या घरी नाई तो पोट्टा दुसऱ्याच्या बैलामागं चालतो. वहिनी म्हणाली, मास्तर, औंदा कागदाचा बैल टाक पेपरात. रद्दी तं सगळ्याच्या घरी राहते.

तिनं करून दाखवला. रद्दी दिवसभर पाण्यात भिजवायची, पिळून कुटायची, मेथ्या वाटून त्यात टाकायच्या म्हणजे लगदा चिकट होतो अन् कीड लागत नाई. तुराटीचे चार तुकडे पायाले, त्याच्यावर लगदा थापायचा. कान ट्यूबच्या रबराचे, शेपूट सुतळीचं, झूल जुन्या साडीची. अन् पायात वजन. खुराच्या जागी एकेक नट बसवायचा, दादाच्या दुकानात ट्रकचे झिजलेले नट पडलेलेच असत, नसले तं नाल्यातले गोटे. ती म्हणाली, डोक्श्यानं अन् शिंगानं समोर जड होते, पायात वजन नसलं तं तोंडावर पडते. दोनदा सांगितलं तिनं. दुसऱ्यांदा म्हणाली, लिहिलं का? मी वही दाखवली, जसं काही तिले वाचताच येत होतं.

लेख लांब झाला. संपादक म्हणाले, एक-दोन ओळी कमी करा. झुलीवर मी मस्त वाक्यं लिहिली होती, रंगाचं वर्णन केलं होतं, ते कापवलं नाई माझ्यानं. मी नटाची ओळ कापली. मले वाटलं एवढ्यानं काय होते.

तान्ह्या पोळ्याले आमच्या शाळेच्या पटांगणात वीसेक कागदी बैल आले. पहिल्यांदाच इतक्या लेकरांजवळ आपला बैल होता. रंगवलेले, झुली घातलेले, कोणी शिंगाले चमकीचा कागद लावलेला. वाऱ्याची एक झुळूक आली अन् एकामागं एक तोंडावर पडले. उभे केले का पडत, उभे केले का पडत. मोठे पोट्टे ओरडले, गुरुजीचे बैल दारू पेले! सगळं पटांगण हसलं. एक लहान पोट्टी होती, तिनं आपला बैल दोन्ही हातानं धरून ठेवला, पंच येऊन गेले, बक्षिसं वाटून झाली, तरी तिनं सोडला नाई.

वहिनी मुद्दाम बैल पाह्यले जामहून आली होती, कडेवर लेक कांता. तिनं पाह्यलं, कांताले खाली बसवलं अन् धुळीत फतकल मारली. गोटे वेचले, ओली माती घेतली, एकेका बैलाच्या खुराले लावत गेली. लेकरं तिच्याभोवती जमली. बैल उभे राह्यले. मंग तिनं मले विचारलं, मास्तर, पायात वजन टाकाचं लिहिलं नोतं का? मी म्हणलो, लिहिलं होतं, छापणाऱ्यानं गाळलं असन. ती म्हणाली, होते असं, घाईत होते.

पण मायबापांची पत्रं गेली साप्ताहिकाकडे. संपादक म्हणाले, खुलासा द्या. छापणाऱ्यावर ढकलता येत नव्हतं, माझ्या हातचा कागद त्यायच्यापाशी होता. तं मी काय लिहिलं ते ऐका, शब्दन्‌शब्द पाठ आहे. कागदी बैलाची कृती आम्हाला जाम येथील सौ. पंचफुलाबाई यांनी सांगितली होती, त्यांच्या सांगण्यात उणीव राहिल्याने वाचकांची गैरसोय झाली, क्षमस्व. इतक्या वर्षांच्या सदरात तिचं नाव एकदाच छापलं गेलं, ते असं.

मी रविवारी गेलो तं चौकातल्या चहावाल्यानं आधीच आवाज दिला होता, पंचफुलाबाई, तुमचं नाव आलं पेपरात. त्यानं नाव तेवढंच पाह्यलं का पूर्ण वाचलं, कोण जाणे. दादालेही सहीपुरतंच येत होतं. वहिनी पिठाच्या हातानं धावत आली. मास्तर, माह्यं नाव कुठं हाये, बोट ठेवून दाखव. मी बोट ठेवलं. काय लिहिलं? मी म्हणलो, लिहिलं का हे बैल पंचफुलाबाईनं शिकवले. तिनं लुगड्याले हात पुसले अन् त्या अक्षरांवरून बोट फिरवलं. ते कात्रण तिनं कापून घेतलं, खळ लावून पेटीच्या झाकणाले आतून चिकटवलं. कोणीही आलं का पेटी उघडून दाखवायची. दाखवताना मी तिथं असलो तं उठून बाहेर हवेच्या पंपापाशी जायचो.

मंग काही वर्षांनी गावात बायांचे साक्षरतेचे वर्ग निघाले. वहिनी जाऊन बसली. एक दिवस मी बसमधून उतरलो तं ती दुकानासमोर उभी राहून पाटी वाचून राह्यली होती, टायर, ट्यूब, हवा. मले पाहून ओरडली, मास्तर, मले येते रे! त्या दिवशी ती पाण्याले गेली तेव्हा मी पेटी उघडून पाह्यली. कात्रण तसंच होतं. मले वाटलं, इतकं बारीक कुठून वाचते. माणूस स्वतःले काहीही पटवतो.

पण एक होतं. त्यानंतर ती काही शिकवायची तं शेवटी म्हणायची, पुरं लिहिलं ना, मास्तर? वाचून दाखव. मी वाचून दाखवायचो. मले वाटे, नवीन नवीन अक्षर आलं म्हणून हौस आहे तिले.

सांगायले मी निघालो नाई असं नाई. कांताच्या लग्नात मांडवासाठी कागदाची फुलं करून राह्यलो होतो, दोघंच होतो, मी म्हणलो, वहिनी, मले तुले काही सांगायचं आहे. ती म्हणाली, धर हे टोक आधी. दोरीचं टोक माझ्या हातात दिलं अन् ती माळ ओवत ओवत मांडवाच्या त्या टोकाले गेली. मंग दादा गेला, ते वर्ष तसंच गेलं. शेवटचं म्हणजे ती समुद्रपूरले कांताकडे होती, नजर अधू झालेली. मी बसमध्ये शब्द पाठ करत गेलो. ती खाटेवर बसून चाचपून चाचपून गोंडा बांधत होती, नातवाच्या सायकलसाठी. म्हणाली, मास्तर, पोट्टे अजून कागदाचे बैल करतात का? मी म्हणलो, करतात. ती म्हणाली, उभे राह्यतात ना? मी म्हणलो, राह्यतात. अन् मी चहा पेलो अन् बस पकडली.

दोन वर्षं झाली तिले जाऊन. तेरवीनंतर कांतानं पेटी उघडली, म्हणाली, काका, हे तुमच्या वेळचं आहे. कात्रण पिवळं पडलेलं. त्याच्या चारही बाजूनं रंगीत कागदाची नक्षी कापून लावलेली, कडा अजून लाल. अन् खाली पेन्सिलीनं, वाकड्या मोठ्या अक्षरात, एक ओळ. बैलाच्या पायात वजन टाकावे. मी विचारलं, हे कधीचं? कांता म्हणाली, हे तं लई जुनं होय काका, मी चौथीत असन, आई नवीन नवीन लिहायले शिकली तेव्हाचं. पहिले तिनं आपलं नाव लिहिलं, मंग हे.

म्हणजे तिनं वाचलं होतं. वाचून रडली असन का नाई, कोणाले माहीत. माझ्याविरुद्ध एक अक्षर लिहिलं नाई तिनं. जे राहून गेलतं, तेवढंच लिहिलं. अन् त्याच्यानंतरही इतकी वर्षं मले शिकवत राह्यली, चहा देत राह्यली.

मी इथं बोरगाव मेघेले पोराकडे राहतो. हात थोडे कापतात, पण नातीसोबत गोंडा अजून बांधतो, ती पुठ्ठा धरते अन् मी लोकर गुंडाळतो. बाजारात जुने विद्यार्थी भेटतात, पाया पडतात, म्हणतात, गुरुजी, तुमच्यानं हाताले वळण लागलं. सुखात आहो मी. भाकर, मान, म्हातारपणी हाताले काम, हे सगळं एका बाईच्या हातून आलं, अन् तिनं ते देताना कधी मोजलं नाई. तुम्ही पुस्तक काढाच. वर पंचफुलाबाईचं नाव टाका, मोठ्या अक्षरात, अन् आत कुठं तरी बारीक, लिहून घेणारा म्हणून माझं. बैलाच्या पानावर ती ओळ सोडू नका. ज्या घरी ते पुस्तक जाईन, त्या घरच्या लेकरांचे बैल उभे राहोत, बस.

आता कधी समुद्रपूरच्या बसमध्ये बसलो का जाम येते, पंक्चरचं दुकान होतं तिथं आता मोठा ढाबा आहे, अन् तिथून पुढं मी पाठ केलेलं सगळं आपोआप तोंडात येते. बाजूच्या सीटवरचा माणूस पाहतो, म्हाताऱ्याचे ओठ काऊन हलून राह्यले म्हणून. वहिनी, तू सांगितलं होतं. दोनदा सांगितलं होतं. ती ओळ मी कापली, झुलीसाठी, अन् नाव तुझं टाकलं. तुले वाचता येत नव्हतं म्हणून टाकलं. मले माफ कर.