गाऱ्हाणं घालणाऱ्याची कबुली

...आणि त्या दिवशी वर मला सांगतात, मालन, घाबरू नको! अहो, घाबरू नको काय? नवरा पोलीस ठाण्यात, गोठ्यात गाय हंबरतेय, चुलीवर भात तसाच, आणि मी घाबरू नको! बरं, नवऱ्याने केलं काय म्हणाल, तर काय पण नाय. नाय केलं म्हणून तर एवढं रामायण! केलं असतं तर निदान तोंड मिटून तरी बसले असते...

तुम्हाला सांगते, आमचे हे, भागोजी, गावात गाऱ्हाणं घालतात. शिमग्याला देवाची पालखी सहाणेच्या चौथऱ्यावर बसली, कोणाचं लग्न ठरलं, कोणाचा मुलगा जयगडला बंदरात नोकरीला चिकटला, की नारळ ह्यांच्या हातात. मग डोळे मिटून सुरू... 'बा महाराजा, तुझ्या लेकरांकडून काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, आणि सगळ्यांची राखण कर रे महाराजा!' की मागून अख्खा गाव, 'व्हय महाराजा!' चूक कोणाची का असेना, हात जोडायचे ह्यांनी. देवळात ठीक आहे हो, पण ती सवय घराच्या दाराशी चपलांबरोबर बाहेर राहते होय? घरी येते! मांजराने दूध सांडलं, की मांजराच्या वतीने हे माझ्यासमोर उभे, 'मालन, चुकलंमाकलं पोटात घाल.' एसटी उशिरा आली, तरी स्टॉपवरच्या माणसांची माफी हे मागणार. जसे काय हेच ड्रायव्हर!

तर झालं काय, हे अनिलशेठच्या बागेत राखणीला. कलमांना पाणी देणं, पंपाची खोली उघडणं, सगळं ह्यांच्याकडे. त्या दिवशी सकाळी खोली उघडली, तर पंप नाय! आणि कुलूप जसंच्या तसं. आता कुलूप शाबूत आणि पंप गायब म्हटल्यावर बघणार कोणाकडे? चावीवाल्याकडे! ह्यांनीच शेठना फोन केला, शेठनी पोलिसांना केला, आणि जेवणाच्या आधी जीप आमच्या दारात.

मी विचारलं, 'कशासाठी नेताय ओ?' हवालदार म्हणतो, 'तिकडे आलात की कळेल.' म्हणजे काय? लग्नाचं आमंत्रण आहे का, आलात की कळेल?

मी मागोमाग रिक्षाने गेले. वाडीतली माणसंपण आली, सखारामतात्या पुढे. भागोजीला एकटा सोडायचा नाय म्हणून! आम्ही सगळे बाकापाशी उभे, हे आत टेबलासमोर, दार सताड उघडं. हवालदार, 'पंप कुठाय?' हे, 'मला ठाऊक नाय साहेब.' 'कुठाय?' 'नाय ठाऊक.' आणि वाजवली की हो गालावर! म्हातारा होत आलेला माणूस! माणूस ओरडतो, रडतो, निदान गाल तरी धरतो. ह्यांनी काय करावं? डोळे मिटले, हात जोडले, आणि तोच देवळातला खडा आवाज... 'बा साहेबा! आमच्याकडून काय चुकलंमाकलं असेल तर पोटात घाल, आणि आमची राखण कर रे साहेबा!'

इथवर पण ठीक होतं. पण आमची वाडी! जन्मभराची सवय! तात्यांनी टोपी काढली, आणि सगळ्यांनी एका सुरात...

'व्हय महाराजा!'

हवालदार खुर्चीतून उडाला! 'लिही रे, लिही! आरोपीने गुन्हा कबूल केला. साक्षीदारांसमक्ष! साक्षीदार व्हय म्हणाले!' तात्या म्हणतायत, 'अहो साहेब, ती आमची रीत...' 'रीत कोर्टात सांगा!'

रात्र कोठडीत गेली हो. हे आत, मी बाहेर, आणि भात चुलीवर.

सकाळी कोर्टात दीपालीबाई आल्या, सरकारी मदतीच्या वकील. पोर आमच्या पुतणीच्या वयाची, पण बोलते कशी! 'काकी, पोलिसांसमोरची कबुली कोर्टात चालत नाही. अटक का केली, ते सांगायलाच हवं होतं. वकील मागायचा हक्क आहे. चोवीस तासांत न्यायाधीशांसमोर उभं करावंच लागतं. आणि स्वतःच्या विरुद्ध बोलायची सक्ती कोणी करू शकत नाही, घटनेत लिहिलंय!' मी म्हटलं, बाई, हे सगळं तिथे भिंतीवर लिहिलं असतं तर काय बिघडलं असतं? भिंतीवर काय, तर थुंकू नये!

मग ह्यांना म्हणाल्या, 'काका, तुम्हाला गप्प राहण्याचा अधिकार आहे. आता एक अक्षर बोलू नका. बोललेलं तुमच्याविरुद्ध वापरतात.' ह्यांनी मान हलवली. अशी हलवली, की मला वाटलं, झालं, एकदाचा शिकला माझा माणूस!

न्यायाधीशबाई चांगल्या हो. मायेने विचारलं, 'पोलिसांनी मारहाण केली का? काही तक्रार?' हे गप्प. गालावर पाचही बोटं, आणि हे गप्प! दीपालीबाई कानाशी, 'काका, इथे बोला! इथेच बोलायचं असतं!' हे तिच्याकडे बघतात, नि पुन्हा खाली. मी मागून ओरडले, 'अहो, सांगा ना!' तर शिपाई मलाच, 'शूऽऽ!' जिथे गप्प बसायचं तिथे गाऱ्हाणं घातलं, आणि जिथे गाऱ्हाणं ऐकायला माणूस बसवलाय, तिथे मौन! न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं, दीपालीबाईंनी गाल दाखवला, मग न्यायाधीशबाई डॉक्टरकडे न्या म्हणाल्या, सगळं झालं. पण कागदावर काय? आरोपीची तक्रार नाही.

जामीन झाला. घरी आणलं. आणि पंप? अहो, पंपाला शिवला पण नव्हता कोणी चोर! शेठचा मुलगा विनीत दुसऱ्या चावीने उघडून रत्नागिरीला वाइंडिंगला टाकून आला होता. बापाला सांगायचं विसरला. हसत हसत सांगतो मला, 'काकी, गंमतच झाली!'

गंमत! आता ऐका, गंमत काय ते. विनीत नाय म्हणाला, 'चुकलं.' शेठ नाय म्हणाले. हवालदाराचं तर नावच नको. ज्या माणसाने सगळ्या गावाच्या चुका आपल्या म्हणून हात जोडले, त्याच्यासमोर एकाने, एकाने पण... जाऊ दे.

तेव्हापासून हे बोलतच नाहीत हो. नारळ हातात दिला तर तात्यांकडे सरकवतात. तात्या दोन शब्द बोलतात नि अडतात, आणि गाव व्हय कशाला म्हणायचं म्हणून उभा. घरात मांजराने परवा दूध सांडलं. मी वाट बघत राहिले. मांजर माझ्याकडे बघतंय, मी ह्यांच्याकडे बघतेय... काय नाय. जन्मभर ज्याचा वैताग आला, त्याच्यासाठी कान आसुसलेत माझे, खोटं कशाला सांगू!

काल तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावला, आणि मलाच भरून आलं. हात जोडले, म्हटलं, 'देवा महाराजा, आमच्याकडून काय चुकलंमाकलं असेल तर...'

तर मागून कोणीतरी माझा पदर ओढला. हे! इतक्या दिवसांनी तोंड उघडलं, इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि हळूच म्हणाले, 'मालन, असलं मोठ्याने बोलू नको गो. वकीलबाई येऊ देत आधी.'

मग काय करणार... बसले मी पण गप्प.